संवय लावणें आणि संवय लागणें

लहान मुलांच्या संगोपनांतील कांहीं विषय असे आहेत कीं, ते प्रत्येक घरांत रोज निघतात, पण चारचौघांत त्यांची चर्चा करणें प्रशस्त समजलें जात नाहीं. मुलाचें खाणें, झोपणें, दांत येणें, पहिलें पाऊल टाकणें यांविषयीं आई शेजारणीशीं मोकळेपणानें बोलते. परंतु मुलाला शौचाची व लघवीची संवय कशी लागावी, हा प्रश्न मोरीच्या दारापाशींच अडून राहतो. वस्तुतः वयाच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीं आई आणि मूल यांच्यामध्यें जे तंटे होतात, त्यांतील पुष्कळसे याच कारणावरून होतात. आणि या तंट्यांत मुलाची प्रकृति, त्याचा स्वाभिमान व आईवरील त्याचा विश्वास, या तिन्ही गोष्टी पणाला लागलेल्या असतात. म्हणून हा विषय संकोच बाजूस ठेवून विचारांत घेण्यासारखा आहे.

मराठी भाषेंत संवयीच्या बाबतींत दोन क्रियापदें आहेत. संवय 'लावतात' आणि संवय 'लागते'. लावणारा वडीलधारा असतो. लागते ती मुलाला. पाढे, शुद्धलेखन, नमस्कार करणें या गोष्टी वडिलांनीं लावाव्यात आणि मुलांनीं त्या उचलाव्यात, हें ठीक आहे. परंतु शरीराच्या ज्या क्रियांवर ताबा मिळवावयाचा, तो ताबा मुलाच्या स्वतःच्या स्नायूंना आणि मेंदूला आल्यावांचून बाहेरून कितीही लावूं म्हटलें तरी संवय लागत नाहीं. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें घरोघर निष्कारण त्रास होतो.

सोलापूरसारख्या शहरांतील घरांत या बाबतींत दोन पिढ्यांचीं दोन मतें हटकून ऐकावयास मिळतात. आजीबाईंचें म्हणणें असें कीं, "आमच्या वेळीं सहाव्या महिन्यापासून मूल पायांवर बसवीत असूं, तें वर्षाचें होण्यापूर्वींच दुपटीं कोरडीं राहत. हल्लींच्या पोरी आळशी." सुनेचें म्हणणें असें कीं, डॉक्टरांनीं घाई करूं नका म्हणून सांगितलें आहे. दोघींच्या म्हणण्यांत तथ्य आहे, पण त्या दोन निराळ्या गोष्टींविषयीं बोलत आहेत, हें मात्र दोघींच्याही लक्षांत येत नाहीं.

दोन पावलें जुळवून त्यांवर तान्ह्या मुलाला बसवावें, तोंडानें 'शू शू' असा आवाज करावा आणि मुलानें लघवी करावी, ही आपल्याकडील जुनी व चांगली रीत आहे. दूध पोटांत गेलें कीं आंतड्यांना आपोआप चालना मिळते. त्यामुळें पाजल्यानंतर थोड्या वेळानें मूल बसविलें तर पुष्कळदां शौचास होतें. मूल अस्वस्थ झालें, चेहरा लाल झाला, एकाएकीं स्तब्ध झालें, या खुणा जाणत्या बाईला बरोबर कळतात. पूर्व आफ्रिकेतील डिगो नांवाच्या लोकांत माता अशाच रीतीनें अगदीं लहान अर्भकांनाही बसवितात व तीं सहा महिन्यांच्या आंतबाहेर बऱ्याच अंशीं कोरडीं राहतात, असें वर्णन १९७७ सालीं संशोधकांनीं प्रसिद्ध केलें आहे. तेव्हां आजीबाई खोटें बोलत नाहींत. परंतु या रीतींत शिकलेली असते ती आई, मूल नव्हे. मुलाचा इशारा ओळखून ती वेळेवर त्याला उचलते. ती चार घटका बाहेर गेली कीं दुपटें ओलें झालेंच. ज्या घरांत आजी, काकू, आत्या अशीं मुलाकडे सतत लक्ष देणारीं माणसें होतीं, त्या घरांत ही रीत सहज चालली. जेथें आई-बाप दोघेही कामावर जातात आणि मुलाला दिवसभर तयार लंगोट, म्हणजे ज्याला आतां सर्वत्र डायपर म्हणतात तो, बांधलेला असतो, तेथें इशारा ओळखणारें कोणी नसतें. आणि ओल शोषून घेणाऱ्या त्या लंगोटामुळें मुलालाही आपण ओले झालों आहों, ही जाणीव नीट होत नाहीं.

आतां मुलाला स्वतःला काय काय यावें लागतें, तें पाहूं. मोठ्या माणसाला ही एक साधी क्रिया वाटते; परंतु दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनें ती निदान सात-आठ क्रियांची मालिका आहे. मूत्राशय किंवा आंतडें भरल्याची संवेदना त्याला जाणवली पाहिजे. त्या संवेदनेचा अर्थ त्याला कळला पाहिजे. थोडा वेळ धरून ठेवतां आलें पाहिजे. शब्दानें किंवा खुणेनें सांगतां आलें पाहिजे. योग्य जागेपर्यंत चालत जातां आलें पाहिजे. चड्डी खालीं ओढतां आली पाहिजे. तेथें स्थिर बसतां आलें पाहिजे. आणि शेवटीं, इतका वेळ जें आवरून धरलें तें सोडतां आलें पाहिजे. यांतील प्रत्येक पायरीला शरीराची किंवा बुद्धीची निराळी तयारी लागते. ती तयारी बहुतेक मुलांत दीड वर्षानंतर दिसूं लागते आणि दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान पुरी होत जाते. कांहींना याहूनही अधिक वेळ लागतो. चालणें जसें कोणाला दहाव्या महिन्यांत येतें व कोणाला पंधराव्यांत, तसाच हा प्रकार. पंधराव्या महिन्यांत चाललेलें मूल पुढें धांवण्यांत मागें पडतें, असा कोणाचा अनुभव नाहीं.

पाश्चात्य देशांतही या बाबतींत मतें पालटत आलीं आहेत, आणि तो इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेच्या सरकारी बालकल्याण खात्यानें १९१४ सालीं मातांसाठीं एक पुस्तिका काढली. तिच्या पुढील कित्येक आवृत्त्यांत मुलाला पहिल्या कांहीं महिन्यांतच घड्याळाच्या ठोक्यावर शौचास बसविण्याचा उपदेश होता. यंत्रयुगांत सर्व कांहीं वेळच्या वेळीं व्हावें, या कल्पनेचा तो परिणाम असावा. १९४६ सालीं डॉ. बेंजामिन स्पॉक यांचें बालसंगोपनावरील प्रसिद्ध पुस्तक निघालें आणि हा कडकपणा सैल झाला. पुढें १९६२ सालीं डॉ. बेरी ब्रेझल्टन यांनीं आपल्या दवाखान्यांतील ११७० मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. मुलांत तयारीचीं लक्षणें दिसेपर्यंत थांबावें आणि मग त्याच्या कलानें घ्यावें, अशी त्यांची पद्धति होती. तींत दिवसाचा ताबा येण्याचें सरासरी वय सुमारें साडेअठ्ठावीस महिने ठरलें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन पाहणींत असें आढळलें कीं, सत्ताविसाव्या महिन्यापूर्वीं नेटानें शिकवणी सुरू केल्यास शिकवणीचा काळ मात्र लांबतो. ती संपते जवळजवळ त्याच वेळीं. म्हणजे लौकर आरंभ करणाऱ्या आईच्या पदरीं बहुधा जास्त दिवसांचे श्रम तेवढे पडतात.

हा विचार आपल्याला केवळ परदेशांतून आला असें मात्र नव्हे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ काढला, तेव्हांपासून मुलाचा स्वतंत्र व्यक्ति म्हणून आदर करावा, त्याला मारूं नये, भिववूं नये, लालूच दाखवूं नये, हें तत्त्व मराठी पालकांपुढें सातत्यानें मांडलें गेलें. डॉ. मारिया मॉन्टेसरी १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या. मुलाला स्वतः करूं द्यावें व त्याच्या आटोक्यांत येतील अशीं साधनें त्याच्याभोवतीं ठेवावींत, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डीस व पुढें १९५७ सालापासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें बालवाड्या चालविल्या. तेथें हात धुणें, केंस विंचरणें, नाक पुसणें हें शिक्षणच मानलें जाई. मुलाला स्वच्छ 'केलें' जाण्यापेक्षां त्यानें स्वच्छ 'राहावयास शिकावें', ही दृष्टि त्यामागें होती. मुळाक्षरांच्या बाबतींत हें तत्त्व आतां बहुतेक सुशिक्षित घरांत मान्य झालें आहे. मोरीपर्यंत तें अद्याप पोंचावयाचें आहे.

आईच्या घाईला कारणें आहेत, तींही समजून घेतलीं पाहिजेत. सोलापुरांत पाण्याची ददात जुनी आहे. उजनीचें धरण झालें, भीमेचें पाणी आलें, तरी गेल्या कित्येक वर्षांत शहराच्या पुष्कळ भागांत नळ रोज न येतां कांहीं दिवसांआड येत आला आहे. भरून ठेवलेल्या पिंपांतील पाणी पुरवून वापरावयाचें, त्यांत पोरानें दिवसांतून सहा चड्ड्या व रात्रीं एक चादर भिजविली तर गृहिणीच्या मस्तकांत तिडीक उठणें स्वाभाविक आहे. सोलापुरी चादर अंगावर घेण्यास जितकी उबदार तितकीच भिजल्यावर धुण्यास जड. तयार लंगोट वापरावे तर महिन्याचा खर्च मोठा. शिवाय तिसरें वर्ष लागतांच बालवर्गांतील प्रवेशाची चिंता उभी राहते. जूनमध्यें शाळा सुरू होणार आणि 'मूल स्वतः सांगतें ना?' हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीं विचारला जाणार, म्हणून मार्च-एप्रिलपासून घरांत एकच लगबग उडते. या सर्व अडचणी खऱ्या आहेत; पण त्या मोठ्यांच्या आहेत. त्यांचा राग दोन-अडीच वर्षांच्या जीवावर निघतो, हें मात्र योग्य नव्हे.

सुदैवानें सोलापूरचा उन्हाळाच या कामीं उपयोगी पडूं शकतो. पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असतां मुलाला घरांत लंगोटाशिवाय, सैल चड्डीवर किंवा नुसत्या झबल्यावर ठेवणें सोयीचें असतें. ओलें झालेलें त्याला तत्काळ दिसतें व जाणवतें, आणि धुतलेला कपडा तासाभरांत वाळतो. गादीवर चादरीच्या वर मेणकापड व त्यावर जुन्या टॉवेलाची घडी घातली कीं चादर वांचते. टॉवेल धुण्यास पाणीही थोडें लागतें. मात्र कपडे कमी भिजावेत म्हणून मुलाचें पिण्याचें पाणी तोडणें, हा कांहीं घरांतील उपाय अत्यंत घातक आहे. उन्हाळ्यांत पाणी कमी पडलें कीं लघवी पिवळी होऊन जळजळते, शौच घट्ट होतें, आणि मग मूल शौचास बसण्याचेंच भय घेतें.

आरंभ केव्हां करावा, याचें उत्तर दिनदर्शिकेंत शोधण्यापेक्षां मुलांत शोधावें. दिवसा दीड-दोन तास तें कोरडें राहूं लागलें आहे काय? झालें हें तें सांगतें काय, किंवा होतांना दाराआड, पडद्यामागें जाऊन उभें राहतें काय? 'चेंडू आण', 'इथें बस' अशा साध्या सूचना त्याला समजतात काय? ओलें झाल्याचा त्याला कंटाळा येतो काय? मोठीं माणसें न्हाणीघराकडे जातात तेव्हां तें मागोमाग जातें काय? या खुणांपैकीं बऱ्याचशा दिसूं लागल्या म्हणजे वेळ आली असें समजावें. त्यांत मुलानें आपण होऊन सांगणें ही खूण सर्वांत मोलाची. झाल्यावर सांगणारें मूल कांहीं दिवसांनीं होतांना सांगतें, आणि मग होण्यापूर्वीं. म्हणून 'आतां सांगून काय उपयोग?' असें म्हणून त्याला झिडकारूं नये. तें त्या शिडीच्या पहिल्या पायरीवर चढलेलें असतें.

साधन साधें असावें. मोठ्यांच्या संडासाचें भोंक मुलाला फार मोठें दिसतें. आपण आंत पडूं, अशी त्याला खरीखुरी भीति वाटते. पाण्याच्या टाकीचा एकाएकीं होणारा घों घों आवाजही त्याला दचकवितो. म्हणून बसकें, न डगमगणारें, पाय जमिनीला टेकतील असें लहान भांडें बरें. पाय टेकलेले असले म्हणजे पोटाला जोर करतां येतो. या दृष्टीनें आपली उकिडवें बसण्याची रीत उत्तमच आहे. उंच भांड्यावर बसवावयाचें झाल्यास पायांखालीं पाट ठेवावा. आरंभीं कांहीं दिवस त्या भांड्यावर मुलानें कपड्यांसकट बसावें, बाहुलीला बसवावें, उठावें. त्याची ओळख होऊं द्यावी. नंतर सकाळीं उठल्यावर व जेवणानंतर चार-पांच मिनिटें बसवावें. झालें तर 'शाबास' म्हणावें; न झालें तर कांहीं न बोलतां उठूं द्यावें. धरून, दाबून, तासतासभर बसविण्यानें एकच गोष्ट शिकविली जाते, ती म्हणजे हट्ट.

शब्दांचाही विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे मोठ्यांसाठीं 'परसाकडे जाणें', 'बहिर्दिशेस जाणें' असे आडपडद्याचे शब्द आहेत, आणि मुलांसाठीं 'शी'. पण किळस दाखविण्यासाठीं मराठी माणूस जो उद्गार काढतो तोही 'शी'च! मूल अभिमानानें आपलें काम दाखवावयास येतें आणि आई नाक मुरडून 'शी!' म्हणते, तेव्हां त्या कोवळ्या मनाला क्रियेचें नांव कोणतें आणि धिक्कार कोणता, हें कसें कळावें? सोलापुरांत मराठीच्या जोडीला कानडी, तेलुगु व उर्दू बोलणारीं घरें एकाच गल्लींत नांदतात. प्रत्येक घराचा शब्द वेगळा. शब्द कोणताही असो. तो घरांतील सर्वांनीं, सांभाळणाऱ्या बाईनें आणि पुढें बालवर्गाच्या बाईंनींही एकच वापरावा, आणि तो उच्चारतांना चेहऱ्यावर तिरस्कार नसावा, एवढें पुरे.

या प्रकरणांतील सर्वांत मोठा धोका बद्धकोष्ठाचा आहे. एकदां घट्ट शौच होऊन मुलाला दुखलें, किंवा त्यावरून मार बसला, कीं तें पुढील वेळीं आवरून धरतें. पाय आंवळून, चवड्यांवर उभें राहून, कोपऱ्यांत जाऊन तें ताठ होतें. आईला वाटतें तें जोर करीत आहे, पण तें प्रत्यक्षांत रोखून धरीत असतें. जितकें रोखावें तितकें शौच कोरडें व कठीण होतें, जितकें कठीण तितकें अधिक दुखतें, आणि जितकें दुखतें तितकें मूल अधिक रोखतें. हें चक्र सुरू झालें कीं शौचाची शिकवणी ताबडतोब बंद ठेवावी. पाणी, भाज्या, पेरू-पपईसारखीं फळें, वरणांत कुस्करलेली ज्वारीची भाकरी यांचें प्रमाण वाढवावें. नुसत्या दुधावर पोट भरूं देऊं नये. आणि लौकर गुण न आल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शौच मऊ होऊन भय गेल्यावांचून कोणतीही संवय लागणार नाहीं.

रात्रीचा ताबा ही तर अगदींच निराळी गोष्ट आहे. झोपेंत मूत्र कमी तयार होणें आणि मूत्राशय भरल्यावर जाग येणें, हें शरीराच्या वाढीवर अवलंबून आहे. शिकवून तें येत नाहीं. पांचव्या वर्षींही शंभरांतील सुमारें पंधरा मुलें अंथरूण ओलें करतात, आणि बहुतेकांच्या बाबतींत तें वयानुसार आपोआप थांबतें. पुष्कळदां आई-बापांपैकीं कोणाचें तरी बालपणही असेंच गेलेलें असतें. तें आजीला पक्कें आठवत असतें, फक्त तिला विचारावें लागतें. अशा मुलाला पाहुण्यांदेखत लाज आणणें, गल्लींत त्याची चादर वाळत घालून थट्टा करणें, हा निव्वळ अन्याय होय.

शिकलेलें मूल मध्येंच विसरतें, तेव्हांही घाबरण्याचें कारण नाहीं. धाकटें भावंड पाळण्यांत आलें, घर बदललें, आजार झाला, आई कांहीं दिवस दूर गेली, कीं मूल एक पाऊल मागें येतें. त्याला धीर दिला कीं तें पुन्हां पूर्ववत् होतें. परंतु लघवीच्या वेळीं दुखणें, रक्त दिसणें, सतत थेंब थेंब गळणें, धार क्षीण असणें, सहा महिने कोरडें राहिल्यावर एकाएकीं पुन्हां भिजूं लागणें व त्याबरोबर तहान फार वाढणें, किंवा चार वर्षें पुरीं होऊनही दिवसाचा ताबा न येणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास तो शिस्तीचा प्रश्न न समजतां वैद्यकीय प्रश्न समजावा आणि विलंब न करतां मुलाला तपासून घ्यावें.

आणखी एक गैरसमज येथेंच दूर केलेला बरा. लहान मुलाची विष्ठा निरुपद्रवी असते, म्हणून ती गटारींत किंवा उकिरड्यावर टाकली तरी चालते, असें कित्येक सुशिक्षित घरांतही मानतात. तें खरें नाहीं. अतिसाराचे व जंतांचे रोग तिच्यापासूनही पसरतात. ती संडासांतच टाकावी, भांडें धुवावें, आणि मुलाचे व आपले हात साबणानें धुवावेत. पाण्याची कितीही टंचाई असली तरी या पाण्यांत काटकसर करूं नये. हात धुण्याचा पाठ मुलाला याच वेळीं मिळाला तर तो जन्मभर टिकतो.

मुलाच्या आयुष्यांतील हा पहिलाच असा प्रसंग आहे कीं, ज्यांत वडीलधाऱ्यांना हवें असलेलें त्याच्या हातीं असतें. द्यावयाचें कीं नाहीं तें तोच ठरवितो. बळानें तें काढून घेतां येत नाहीं. तें त्यानें आपण होऊन दिलें तर त्याला आपल्या शरीराचा मालक झाल्याचा आनंद होतो. आणि अशा आनंदानें शिकलेलें मूल पुढें पाटी-पेन्सिलही निर्भयपणें हातीं घेतें. जूनची तारीख शाळेनें ठरविलेली असते. बालवर्गाच्या शिक्षिकांनींही एखाद्या मुलाची ओली चड्डी निमूटपणें बदलावी आणि दप्तरांत जास्तीची एक जोडी ठेवण्यास आईला सांगावें. त्यानें शाळेची शिस्त ढळत नाहीं. घरच्यांनीं चार महिन्यांचा धीर धरावा, आजीनें इशारे ओळखण्याची आपली जुनी विद्या सुनेला शिकवावी, आणि सुनेनें ती आदरानें घ्यावी. म्हणजे जी संवय लावतां लावतां घर थकलें होतें, ती एके दिवशीं लागलेली आढळेल.